गुलाबाची रोपं कुरियरनं मागवावीत का? (लातूर, काळी माती, बोअरचं पाणी)

गच्चीवाली:
नमस्कार मंडळी. लातूरला राहते, घरापुढं छोटं अंगण आहे आणि वर गच्ची. दिवाळी आटोपली की यंदा गुलाब लावायचे हे ठरलंय. अडचण अशी की इथल्या नर्सरीत गेलं की लाल आहे, गुलाबी आहे, पिवळा आहे, कोणता देऊ, एवढंच. जातीचं नाव विचारलं तर "ताई, गुलाबच आहे की" म्हणतात. मला डबल डिलाईट आणि पापा मेलंड हवेत, झालंच तर एखादा वासाचा, गुलकंद करता येईल असा. ऑनलाईन बघितलं तर होसूर-बंगळूरकडच्या आणि बंगालमधल्या नर्सऱ्या नावानिशी रोपं पाठवतात, फोटो तर असले की बघतच राहावं, पण रोपाच्या किमतीएवढाच कुरियरचा खर्च. आमचे हे म्हणतात खोक्यातून काड्याच येतील, बंबात घालायला बऱ्या.
तर कुणी मागवलेत का, जिवंत पोचतात का, सांगितलेलं तेच फूल येतं का, आणि मुख्य म्हणजे आपल्या काळ्या मातीत अन् बोअरच्या जड पाण्यावर ती तिकडची रोपं टिकतात का?

उदगीरकर_पाटील:
रुमाल टाकून ठेवतो. आमच्या घरी पण हाच प्रश्न चालू आहे आणि उत्तर माझ्या खिशातून जाणार आहे.

परभणीचा_माळी:
कामून उगं पैसे घालवायलाव ताई. ग्लॅडिएटर लावा अन् मोकळ्या व्हा. फूल मोठं, दांडा लांब, ऊन सोसतंय, पाणी मागंपुढं झालं तरी रुसत नाही. हारवाल्यांसाठी शेतात लोक हाच लावायलेत वर्षानुवर्षं, ते काय येडे हैत का. ते पापा का काय म्हणायलाव ते थंड मुलखातलं. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ ला गेला की माणसाला उभं राहवत नाही, तिथं ते फ्रान्सचं लेकरू काय करणार. परभणीला कधी आलात तर कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत चक्कर मारा, हातात धरून बघून घेता येतं.

नुसती_वाचक:
माळीदादा, ग्लॅडिएटरला वास मात्र बेताचाच हो. ताईंना वासाचा पाहिजे.

खुंट_आणि_डोळा:
ग्लॅडिएटरबद्दल माळीदादांचं बरोबर आहे, थंड मुलखाबद्दल नाही. मेलंड घराणं दक्षिण फ्रान्सातलं, तिकडचा उन्हाळाही कोरडाच. पापा मेलंड १९६३ चा आहे, आपल्या देशात मैदानी भागात लोक तो कित्येक वर्षं लावतात. त्याला ऊन मारत नाही, भुरी मारते. डिसेंबर-जानेवारीत दिवसा ऊन अन् रात्री गारठा असला की कोवळ्या शेंड्यावर पांढरी पावडर आलीच समजा. त्याची तयारी असेल तर जरूर लावा, तसा मखमली काळपट लाल रंग आणि तसा वास दुसरीकडं अवघड आहे. डबल डिलाईट (१९७७) त्यामानानं सोपा. फक्त तो भरपूर उन्हात ठेवा, पाकळीच्या कडेचा लाल रंग उन्हातल्या अतिनील किरणांनी चढतो, सावलीत ठेवला तर नुसता मळकट पांढरा राहील आणि मग म्हणाल नर्सरीवाल्यानं फसवलं.

आता मूळ मुद्दा. सगळे जण जात विचारतात, खुंट कुणी विचारत नाही. गुलाबाच्या रोपात खाली एक झाड असतं आणि वर दुसरं, जंगली गुलाबाच्या खुंटावर पाहिजे त्या जातीचा डोळा भरलेला असतो. मुळं कुणाची, तर त्या खुंटाची. म्हणजे तुमच्या मातीशी आणि पाण्याशी संसार पापा मेलंड करत नाही, खुंट करतो. मल्टीफ्लोरा हा खुंट बऱ्याच ठिकाणी वापरतात, मुळं लवकर धरतो, रोप दिसायला जोमदार. पण त्याला चुना चालत नाही. आपल्या काळ्या रानात चुनखडी, वरून बोअरचं पाणी, की पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. रोझा इंडिका खुंट असेल तर अशा जमिनीत बराच बरा निभतो. नर्सरीला फोन करून सरळ विचारा, डोळा कशावर भरलाय. ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडून घेऊ नका, मग फोटो कितीही चांगला असो. आणि "कटिंगचं रोप" असं म्हणाला तर ते स्वतःच्या मुळांवरचं असतं, ते वाईट असं नाही, पण मोठ्या फुलांच्या बऱ्याच जाती स्वतःच्या मुळांवर रडतखडत वाढतात.

मियां_औरंगपुरेवाले:
खुंटसाहेब, इथं लोक लग्न जमवताना एवढी चौकशी करत नाहीत.
बाकी कुरियरचा किस्सा आमच्या गल्लीतला ऐका. शेजारच्या चाचांनी ऑनलाईन निळ्या गुलाबाचं बी मागवलं. पुडीवर काळा गुलाब, निळा गुलाब, सप्तरंगी गुलाब, सगळे. रोज सकाळी चाचा कुंडीपुढं, रोज पाणी. उगवलं एकदाचं. मोठं झालं तर निघाली तांदूळजाची भाजी. चाची म्हणाल्या, चला, काहीतरी खायला तर झालं.

नुसती_वाचक:
😂😂 हा धंदा मात्र जोरात आहे. गुलाबाच्या पेशीत निळ्या रंगासाठी लागणारं डेल्फिनिडिन नावाचं रंगद्रव्य तयारच होत नाही, त्यामुळं निळा गुलाब निसर्गात नाही. जपानच्या सनटोरी कंपनीनं दुसऱ्या झाडाचं जनुक घालून तसला गुलाब बनवला, २००९ ला तिकडं विक्रीला आला, तो सुद्धा बघितला तर जांभळटच दिसतो. सप्तरंगी तर सरळसरळ पांढऱ्या फुलाचा दांडा चिरून रंगाच्या पाण्यात ठेवलेला असतो. आणि बियांपासून गुलाब केला तरी आईसारखं फूल येत नाहीच, म्हणून तर डोळे भरायचे. बी विकणारा दिसला की पुढं जायचं.

गोदाकाठची:
मी नांदेडहून. मागवलेत, अजूनही मागवते, त्यामुळं सांगायचा हक्क आहे 🙂
एका नर्सरीचं पार्सल (नाव लिहीत नाही) तिथून वेळेत निघालं आणि इकडं गोदामात येऊन पडलं. ट्रॅकिंगवर रोज तेच, "डिलिव्हरीसाठी निघाले आहे". फोन केला तर म्हणे तुमचा भाग आमच्या पोराच्या रूटमध्ये नाही, येऊन घेऊन जा. जाऊन आणलं. मार्च संपत आलेला, पत्र्याचं शेड, आतमध्ये खोकं अक्षरशः गरम. उघडलं तर पानं हात लावला की खाली. तरी फेकलं नाही. नखानं साल खरवडून बघितली, दोन-तीन रोपांत खाली हिरवं दिसत होतं, तेवढी वाचली. बाकीच्यांच्या काड्या आतून तपकिरी. नर्सरीनं पैसे नाही दिले, म्हणाले खोकं उघडतानाचा व्हिडिओ पाठवा, तो कुणी काढलाय.
त्यानंतर मी फक्त डिसेंबर-जानेवारीत मागवते आणि सोमवार-मंगळवारी पाठवा असं बजावून सांगते, म्हणजे रविवार गोदामात निघत नाही. दिवाळीच्या आठवड्यात तर चुकूनही नको, कुरियरवाल्यांकडं मिठाई अन् मोबाईलचे ढीग असतात, तुमचं झाड सगळ्यात खाली. आणि हो, व्हिडिओ काढा. पत्त्याचं लेबल दिसू द्या, मग चिकटपट्टी कापा, सगळं एका दमात, मधे थांबवू नका.
चांगलं पार्सल कसं असतं ते पण सांगते. उभं खोकं, बाजूला भोकं, प्रत्येक रोप वेगळं गुंडाळलेलं, कुंडीच्या तोंडावर पॉलिथिन आणि रबर, आत कानडी पेपर दाबून भरलेला, जागचं हलत नाही. पानं बरीचशी आधीच काढलेली असतात, ते बघून घाबरू नका, मुद्दाम काढतात, पानातून पाणी उडून जाऊ नये म्हणून. हिरवंगार पानोपान भरलेलं रोप खोक्यात आलं तर मी उलट धास्तावते.

टपालकी:
माझे वडील पोस्टात होते. त्या काळी व्हीपीपीनं रोपं यायची. नर्सरीचा छापील कॅटलॉग, त्यात रंगीत पान एखादंच, बाकी नुसती नावं आणि किमती, पोस्टकार्डावर ऑर्डर लिहायची. थंडीत पार्सल यायचं, उघड्या मुळांची रोपं, माती झटकलेली, मुळ्या ओल्या शेवाळात गुंडाळून वरून बारदान शिवलेलं. पोस्टमनला पैसे दिले की सोडायचा. वडील सांगायचे की गुलाबाच्या पार्सलला हात घालायला कुणी तयार नसायचं, काटे बारदानातून बाहेर.
सांगायचा मुद्दा, तालुक्याला किंवा खेड्यात राहणाऱ्यांनी स्पीड पोस्टनं पाठवता का हे विचारून बघा. खाजगी कुरियर जिल्ह्याला येऊन अडकतं, पोस्ट गावात जातं. पोस्टमन घर ओळखतो.

कडवट_काढा:
सगळं वाचलं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा लातूरकर घागरी घेऊन रांगेत होते, आणि आता त्याच गावात फ्रेंच गुलाब कुरियरनं. शेवंती लावा, झेंडू लावा, कण्हेर लावा. झेपेल ते करावं माणसानं.

गच्चीवाली:
काढासाहेब, त्या रांगेत मी पण होते. कपडे धुतलेलं शेवटचं पाणी घालून तेव्हा आमची जास्वंद जगवली होती. पाण्याचा हिशेब आम्हाला शिकवू नका. दोन-चार कुंड्यांना असं किती लागतंय.

बालाघाटी:
बीडहून. काढासाहेबांचा सूर सोडा, पाण्याचा मुद्दा खरा आहे पण वेगळ्या अर्थानं. पाणी किती यापेक्षा कसलं हे महत्त्वाचं. बोअरच्या पाण्यानं कुंडीच्या काठावर पांढरी खपली येते ना, तेच मुळांशी पण साचत असतं. रोज थोडं थोडं घालण्यापेक्षा एकदाच कुंडीच्या भोकातून निघेल एवढं घाला, म्हणजे क्षार धुऊन जातात. आरओ मशीनचं टाकाऊ पाणी गुलाबाला अजिबात नको, त्यात क्षार आणखी दाटलेले असतात. एसीचं पाणी चालतं. पावसाचं तर सोनंच, पत्र्यावरचं टाकीत धरा.

आणि पानं पिवळी पडून शिरा हिरव्या राहिल्या तर खतं ओतू नका. जमिनीत लोह असतं, चुन्यामुळं मुळांना उचलता येत नाही. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट नुसतं मातीत टाकलं तर आपल्या जमिनीत ते पण लगेच बांधलं जातं. त्यापेक्षा पाच ग्रॅम हिराकस अन् एक ग्रॅम लिंबूसत्त्व लिटरभर पाण्यात करून पानांवर फवारा, संध्याकाळी. मातीतूनच द्यायचं असेल तर कृषी केंद्रात चिलेटेड लोह (मातीत लगेच बांधलं जाऊ नये असं तयार केलेलं) मिळतं, पण पाकिटावर इडीडीएचए लिहिलेलं बघून घ्या. इडीटीएवालं स्वस्त असतं, ते आपल्या विम्ल म्हणजे चुनखडीच्या, अल्कधर्मी जमिनीत फार काळ काम करत नाही. दुकानदार म्हणेल दोन्ही एकच. एक नाहीत.

परभणीचा_माळी:
आता हे बगा. म्हणून म्हणलं ग्लॅडिएटर लावा. ना इडी ना बिडी.

मियां_औरंगपुरेवाले:
माळीभाऊ, ईडीचं नाव काढू नका, उगं घरी येईल.

पिशवीतली_माती:
मला एक सांगा, त्या तिकडच्या रोपांबरोबर जो लाल मातीचा गोळा येतो त्याचं काय करायचं? मी गोळा फोडत नाही, मुळं दुखावतात असं सगळीकडं सांगतात.

खुंट_आणि_डोळा:
ती तांबडी चिकण माती मुद्दाम वापरतात, गोळा फुटू नये, वाहतूक सोपी. आपल्या उन्हात वाळला की तो गोळा म्हणजे भाजलेली वीट. तुम्ही वरून पाणी घालता, ते कडेनं खाली जातं, कुंडी ओली दिसते आणि आतली मुळं कोरडीच. काळ्या मातीत तसाच पुरला तर उलटं, पावसाळ्यात काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुळं सडतात. गोळा काढायचाच. फोडायचा नाही, बादलीत बुडवून ठेवायचा, अर्ध्या-पाऊण तासानं माती आपसूक सुटते, मग हातानं हलकेच धुवायचा. थंडीत हे रोपाला काही होत नाही. टपालकींच्या वडिलांच्या काळात तर सगळीच रोपं उघड्या मुळांची यायची.

गोदाकाठची:
खुंटदादा, इथं मी असहमत. आल्या आल्या धुवायचा नाही. आधीच प्रवासानं दमलेलं असतं. मी तसंच सावलीत ठेवते, नवीन तांबूस फुटवा दिसला की मग पुढच्या थंडीत कुंडी बदलताना धुते. गोळ्याला मोळ्यानं उभी भोकं पाडते, पाणी आत जातं.

खुंट_आणि_डोळा:
पुढच्या थंडीपर्यंत मधे मे येतो ना. डिसेंबरात आलेलं रोप असेल तर मी धुणारच. फेब्रुवारीनंतर आलं तर तुमचं बरोबर, हात लावू नये.

तुळजापूरचा_हार:
आमचा फुलांचाच धंदा. वासाचा अन् गुलकंदाचा म्हणालात म्हणून लिहितो. गुलकंदाला एडवर्ड घ्या, गुलाबी, पाकळ्या पातळ, वास पक्का. आपल्या उन्हात तगतो अन् नर्सरीवाले त्याला गावठी म्हणून स्वस्तात देतात, कुरियर कशाला. राजस्थानात पुष्कर, हल्दीघाटीकडं जो चैती गुलाब असतो तो मागवू नका, त्याचा मुख्य बहर वर्षातून एकदाच, बाकी वर्षभर नुसतं काटेरी झुडूप सांभाळायचं. आणि हात जोडून विनंती, आमच्याकडून फुलं नेऊन गुलकंद करू नका. शेतात फुलकिड्यासाठी सारखी फवारणी चालू असते. देवाला वाहायला ठीक, खायला घरचंच पाहिजे.

नुसती_वाचक:
थोडं अवांतर. पार्सलनं गुलाब पाठवण्याचा सगळ्यात भारी किस्सा पीस गुलाबाचा. फ्रान्सिस मेलंडनं (म्हणजे ज्याच्या नावानं पापा मेलंड गुलाब आहे त्या आंत्वानचा मुलगा) ही जात तयार केली आणि तेवढ्यात दुसरं महायुद्ध. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात जाण्याच्या सुमारास त्यानं डोळकाड्या देशोदेशी पाठवल्या, एक पार्सल अमेरिकेला गेलं. पुढं पत्रव्यवहारच तुटला. तिकडं त्या डोळ्यांपासून रोपं झाली आणि १९४५ ला बर्लिन पडलं त्याच दिवसांत अमेरिकेत पीस या नावानं गुलाब जाहीर झाला. जर्मनीत तोच ग्लोरिया देई, इटलीत जोइया, आणि फ्रान्समध्ये मेलंडच्या आईच्या नावानं.

गोदाकाठची:
महायुद्धातून पोचलं, नांदेडच्या गोदामातून नाही 😑

नुसती_वाचक:
आणखी एक, सगळे विदेशीच कशाला. डॉ. बी. पी. पाल, गव्हावर काम केलेले, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक, त्यांनी स्वतः कितीतरी गुलाब तयार केले. दिल्लीच्या पुसा संस्थेच्या जातींत रक्तगंधा, भीम, मृणालिनी अशी नावं आहेत. कॅटलॉगमध्ये दिसल्या तर मागवा, आपल्याच हवेत निवडलेल्या आहेत.

गच्चीवाली:
बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. दोन नर्सऱ्यांना फोन केला. पहिल्यानं खुंट विचारल्यावर "मॅडम, गुलाबच आहे" म्हटलं, म्हणजे आमच्या लातूरवाल्याचा भाऊच. दुसऱ्यानं सरळ सांगितलं, रोझा इंडिकावर डोळा भरलेला आहे, पापा मेलंड आत्ता नाही, डबल डिलाईट आहे, रक्तगंधा आहे, डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी पाठवतो. पत्ता पिनकोडसकट विचारला आणि म्हणाला स्पीड पोस्टनं पाठवतो, तुमच्याकडं कुरियरचा भरवसा नाही. पैसे भरले. एडवर्ड इथंच बघते.
आता आल्यावर लगेच काय करायचं तेवढं एकदा सांगा, आणि कुंडी की अंगण?

खुंट_आणि_डोळा:
पहिलं वर्ष कुंडी. बारा इंची, सिमेंटची किंवा मातीची, काळी प्लास्टिकची गच्चीवर तापते. तुमची काळी माती त्यात नको, निदान तिसऱ्या हिश्श्याहून जास्त तर नकोच, बाकी मुरमाची लाल माती आणि कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड. लावताना डोळ्याची गाठ मातीच्या वर दोन बोटं दिसली पाहिजे. गाठीच्या खालून फुटवा आला तर तो खुंटाचा, माती उकरून मुळापासून ओढून काढा, नुसता कापला तर पुन्हा येतो. सात पानांची फांदी म्हणजे जंगली असं लोक सांगतात त्यावर जाऊ नका, चांगल्या जातींनाही सात पानं येतात. कुठून फुटलाय तेवढं बघा.
पहिले आठ-दहा दिवस सावलीत, मग सकाळचं ऊन, मग पूर्ण. महिनाभर रासायनिक खत नाही. पहिली कळी खुडायची, जीव तुटला तरी. यंदाची छाटणी विसरा, नवीन रोपाला ती पुढच्या ऑक्टोबरात. एप्रिल लागला की हिरवी जाळी बांधा आणि पानांच्या खालच्या बाजूला जोरात पाणी मारत जा, लाल कोळी तिथंच बसतो.

उदगीरकर_पाटील:
ताई, नर्सरीचा नंबर व्यक्तिगत निरोपात द्या. घरून आदेश आलाय.

बालाघाटी:
गच्चीचा स्लॅब तापतो, कुंड्या विटांवर ठेवा, खालून हवा राहिली पाहिजे.

परभणीचा_माळी:
आल्यावर फोटो टाका ताई. अन् ते सगळं ठीक आहे पण अंगणात एक ग्लॅडिएटर लावाच, ह्या बाकीच्यांचे नखरे चालू असताना देवाला फूल कुठून आणणार?